चौथं पान

(पत्र थोडं आवरून छापलं आहे.)

"काकू, नमस्कार. मी मानेवाड्याला राहते, वय ३९. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर आहे, सकाळी साडेसात ते चार. चारनंतर लॅब रिकामीच असते, पण तेव्हा घराची ओढ लागलेली असते. दहा-बारा वर्षांपासून कथा लिहिते. रजिस्टरमध्ये सतरा कथा सुरू केलेल्या आहेत, पूर्ण झाल्या तीन. त्यातल्या दोन दिवाळी अंकांना पाठवल्या. एक साभार परत आली, दुसरीचं आठ महिने झाले तरी काही कळलं नाही. सुरुवातीला इतकं भरभरून सुचतं की हात थांबत नाही, पण तीन-चार पानांनंतर सगळं आटून जातं. आमच्या लेखनाच्या ग्रुपवरचे एक सर म्हणतात, आतून आलं तरच लिहावं, ओढूनताणून लिहू नये. नवरा म्हणतो, नोकरी सोड आणि वर्षभर लिहूनच बघ. पुण्या-मुंबईला असते तर काही झालं असतं असंही वाटतं. आणि खरं सांगू का, मराठी कथा आता वाचतं तरी कोण? सोबत एका अर्धवट कथेची पानं जोडते आहे. माझ्यात चिकाटीच नाही का?
– एक वाचक, मानेवाडा"

ताई,

सतरा! पत्र वाचता वाचता मी तिथेच थांबले. हात थांबत नाही इतकं जिला सतरा वेळा सुचलं, ती बाई माझ्याकडे प्रेरणा आटल्याची तक्रार घेऊन आली आहे. अहो, तुमची प्रेरणा ठणठणीत आहे. थोडी जास्तच आहे म्हणा ना. माझा संशय तिच्यावरच आहे.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी सव्वीस वर्षं काढली. कथा तेव्हा टपालाने यायच्या, फुलस्केपवर, एका बाजूला समास सोडून. इतकी वर्षं तेच केल्यावर माणसाला काही खोडी लागतात. माझी खोडी अशी, की कथा वाचण्याआधी मी नुसती पानं उलटून शाई बघायचे. पहिली तीन पानं निळ्या पेनाची, चौथ्यावर मध्येच काळी शाई. म्हणजे इथे लेखक उठला होता. आठ दिवसांनी म्हणा, महिन्याने म्हणा, परत येऊन बसला होता. काही कथांत शाई तीन-तीनदा बदललेली असायची, एखाद्या पानावर चक्क शिसपेन्सिल. अशा कथा मी आधी वाचायला घ्यायचे. एकाच पेनाने, एका दमात, न खोडता लिहिलेली कथा मात्र बहुतेक वेळा पावसावर असायची.

शाई कुठे बदलते, तर तिसऱ्या-चौथ्या पानावर. तुम्हीही तेच पान लिहिलं आहे. त्यामुळे हे तुमचं खास दुखणं आहे असं समजू नका. सगळ्यांचीच गाडी तिथे घसरते. फरक इतकाच की काही जण त्याच पानावर परत येतात आणि तुम्ही नवं रजिस्टर उघडता.

आता तुमची जोडलेली पानं. चार वेळा वाचली मी. मे महिना, पुढच्या खोलीत लोखंडी कूलर, त्याला नव्या वाळ्याच्या ताट्या. सासरे माघात गेले. त्यांची खाट तशीच ठेवली आहे आणि सासूबाई रोज रात्री त्या रिकाम्या खोलीत कूलर लावतात. टाकी संपली की उठून बादलीने भरतात. मागच्या खोलीत मुलगा, सून आणि नात पंख्याखाली झोपलेली. तुमचं वाक्य आहे, "पहिली बादली ओतल्याचा आवाज येतो तेव्हा दोन वाजलेले असतात." बाई गं! मेमधल्या रात्री दोन वाजता इथल्या घरांत भिंतीसुद्धा तापलेल्या असतात, हे एका अक्षरानेही न सांगता तुम्ही सांगून टाकलंत. हे वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं तर मी खुर्ची पुढे ओढली असती.

दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिता की नातीच्या पाठीवर घामोळ्या उठल्या आहेत आणि ती झोपेत पाठ खाजवते. बस, एवढंच. मग तिसऱ्या पानावर कडुलिंब येतो, चांदणं येतं, सासऱ्यांच्या आठवणी येतात. चौथ्यावर वाक्य आहे, "आईंच्या मायेला अंत नव्हता." आणि तिथे कथा थांबते.

थांबणारच. ते वाक्य म्हणजे दुकानाचं शटर आहे, तुम्ही स्वतःच्या हाताने खाली ओढलेलं. माया कोणावर? गेलेल्या माणसाच्या खाटेवर वारा घालायचा आणि जित्या नातीने घामोळ्या खाजवायच्या, हे पान दोनवर तुमच्याच हातून लिहून गेलं आहे. घामोळ्यांचं ते वाक्य तुमचा डोळा चुकवून आलं आणि त्यानंतर तुम्ही घाबरलात. कारण पुढचं वाक्य काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सुनेला कूलर हवा आहे.

इतकी साधी, इतकी लाजिरवाणी गोष्ट. चार महिन्यांपूर्वी विधवा झालेल्या बाईच्या खोलीतला कूलर हिला आपल्या खोलीत हवा आहे. असं म्हणणारी सून चांगली दिसत नाही. आणि कथेतली सून "मी" आहे, म्हणून तुम्हाला चांगलं दिसायचं आहे. मग चांदणं आणलंत. चांदणं काही वाईट नाही, पण आलं कशासाठी ते बघा. झाकायला आलं.

पुढे काय व्हावं ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. सून नवऱ्याला म्हणते का? की म्हणत नाही आणि एका रात्री पंपाचा प्लग हळूच सैल करून ठेवते? की वीजबिल आल्यावर ते टेबलावर उघडं ठेवते, आईंना दिसेल असं? की एका रात्री दोन वाजतात आणि बादलीचा आवाजच येत नाही? यातलं एखादं घेऊन लिहायला लागलात की दहा ओळींत कळेल, ते खोटं पडतंय की धरतंय. खोटं पडलं तर दुसरं घ्या. असे चार-पाच प्रयत्न वाया जातील. त्याला ओढूनताणून लिहिणं म्हणत असतील तर म्हणू द्या. आतून काय येतं ते पाचव्या-सहाव्या पानापर्यंत जाईतो मला तरी कधी कळलेलं नाही. तुमच्या सरांना पहिल्या पानावर कळत असेल, तर ते भाग्यवान आहेत.

ही सासू खरीच तुमच्या घरातली आहे का, हे मी विचारत नाही. असेल, तरी आधी लिहून काढा. छापायचं की नाही हा पुढचा प्रश्न. तेव्हा सासूची मावशी करता येते, मानेवाड्याचं मौदा करता येतं. पण लिहितानाच मनात "आईंनी वाचलं तर" आलं, की पेन चांदण्याकडे वळतो.

तर माझं निदान असं आहे. कथा अवघड वळणावर आली, कोणाचं तरी वाईट दिसेल अशी जागा आली, की तुम्हाला नवी कथा सुचते. ती ताजी असते, तिच्यात अजून कोणीच कोणाला दुखावलेलं नसतं. तिला तुम्ही प्रेरणा म्हणता. मी तिला पळवाट म्हणते. बाकीच्या तेरा कथा मी पाहिलेल्या नाहीत, पण एखाद्या सुटीच्या दिवशी रजिस्टर घेऊन बसा आणि प्रत्येकीचं शेवटचं वाक्य वाचा. निम्म्या ठिकाणी तरी "मायेला अंत नव्हता" या जातीचं वाक्य सापडेल, अशी मी तर्रीपोह्याची पैज लावते.

आपल्या नागपुरात महेश एलकुंचवारांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तरुणपणी सिनेमाला गेले, तिकीट मिळालं नाही, म्हणून नाटकाला जाऊन बसले. नाटक विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन विजया मेहतांचं. असा परिणाम झाला की दुसऱ्या दिवशी तेच नाटक पुन्हा पाहिलं आणि ठरवलं, आपणही नाटक लिहायचं. ही गोष्ट सांगताना लोकांचे डोळे चमकतात, आणि ती इथेच संपवतात. पुढचा भाग कोणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. पुढचं वर्षभर ते नाटकं वाचत होते. मिळतील ती, सगळ्या प्रकारची. 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथे'त आली १९६७ साली. 'वाडा चिरेबंदी' रंगभूमीवर आलं १९८५ साली. त्यानंतरही ते त्याच वाड्यातल्या माणसांकडे परत गेले, आणखी दोन नाटकं लिहिली, आणि तिन्ही मिळून एकत्र प्रयोग झाला तो १९९४ साली. एका घराला इतकी वर्षं दिली. तिकीट न मिळण्याची संध्याकाळ तुमच्याकडे सतरा वेळा येऊन गेली आहे. वाचनाचं ते वर्ष मात्र तुम्ही अजून दिलेलं नाही. पत्रात तुम्ही काय वाचता याचा एक शब्द नाही, हे मला खटकलं.

आणि हो, हे सगळं ते नागपुरात राहून, इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत करत होते. पुण्या-मुंबईच्या मुद्द्यावर माझं यापेक्षा जास्त म्हणणं नाही.

नोकरीचं मात्र थोडं सविस्तर. यजमानांना म्हणावं, तुमचं मन मोठं आहे, पण नोकरी सोडायची नाही. या विषयावर लोक लगेच मुक्तिबोधांचं उदाहरण देतात. गजानन माधव मुक्तिबोध, हिंदीतले एवढे मोठे कवी, घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिणारे. गजानन माधव १९४८ ते १९५८ नागपुरात होते. आधी सरकारी माहिती खात्यात, मग आकाशवाणीत, मग 'नया खून' साप्ताहिकात. पैशाची ओढाताण कायम. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह १९६४ साली निघाला, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, आणि तो हातात घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं. हे सांगून वर कोणी म्हणालं की बघा, हलाखीतूनच खरं साहित्य जन्मतं, की माझं डोकं फिरतं. हलाखीने त्या माणसाला काही दिलं नाही. जे लिहिलं ते त्याने हलाखीच्या उरावर बसून लिहिलं. तुमच्या मुलीची फी भरली जाते आहे, ही लिहिण्याच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट आहे. वर्षभर घरी बसलात तर पहिल्या महिन्यात अठरावी कथा सुरू होईल, आणि नवऱ्याच्या पैशाने लिहितोय हे ओझं छातीवर येईल ते वेगळं.

वेळ तुम्हीच पत्रात लिहून दिला आहे. चारनंतर लॅब रिकामी असते. मग पावणेपाचपर्यंत तिथेच बसा ना. बाक आहे, एसी आहे, पाण्याचं मशीन आहे, आणि बाहेर अशी आग ओतत असते की स्कूटीची सीट शिवू देत नाही. घरच्यांना सांगा की सुटी पावणेपाचला होते. सगळं खरंच सांगायला पाहिजे असं थोडंच आहे. त्या पाऊण तासात नवं काही सुरू करायचं नाही. येत्या दिवाळीपर्यंत नाहीच. अठरावी कथा सुचली तर रजिस्टरच्या शेवटच्या पानावर तारीख घालून एक ओळ लिहा आणि पान मिटा. चांगली असेल तर थांबेल. पाऊण तासात कधी पाच ओळी होतील, कधी कालच्या पाचही खोडाल. खोडलेला दिवसही बसलेला दिवसच धरायचा.

साभार परत आलेल्या कथेचं दुःख मला कळतं, पण त्या चिठ्ठीत काय असतं ते आतून पाहिलंय म्हणून सांगते. आमच्याकडे छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा असायचा. टाकाऊ कथेलाही तीच चिठ्ठी आणि जागा नाही म्हणून राहिलेल्या कथेलाही तीच. शनिवारी दुपारी लागलेल्या पानावर अर्ध्या पानाची जाहिरात आली की पहिल्यांदा कथा उचलली जायची. लेखकाला वाटायचं आपलं काहीतरी चुकलं, आणि आपल्या जागी साड्यांचा सेल लागलेला असायचा. दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभरावर वर्षं झाली, पण पोच देण्याची पद्धत काही सगळीकडे पडलेली नाही. आठ महिने उत्तर नाही म्हणजे नकारच, असं नाही, पण वाट बघण्यातही अर्थ नाही. एक नम्र ओळ लिहून विचारा, पंधरा दिवस थांबा, आणि कथा दुसरीकडे धाडा. मागच्या दिवाळीचा अंक हातात घेऊन, त्यात कसल्या कथा घेतात ते वाचून मग पाठवा. अंक फराळाच्या ताटाशेजारी नाही, उन्हाळ्यात जुळतात. गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षाची.

वाचतं कोण, म्हणता. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर कधी गेला आहात? तुमच्या घरापासून फार लांब नाही. लाखो माणसं येतात, त्यातली कितीतरी रेल्वेने, रात्र रस्त्यावर काढून. आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं असतात. रस्त्याच्या कडेला स्टॉलच स्टॉल. एका वर्षी माझ्या शेजारी एक आजीबाई उभ्या होत्या. एकेक पुस्तक उचलायच्या आणि सोबतच्या नातवाला विचारायच्या, "यात काय हाय बे?" तो नाव वाचायचा, मागचा मजकूर वाचायचा. तीन पुस्तकं घेतली. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. कथेला वाचक नाही हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या तोंडून निघालेलं नाही. आपल्यापर्यंत पोचलेला नाही असं फार तर म्हणेन.

ग्रुपबद्दल एकच. तिथे तुमची पानं टाकली की काय येतं? हात जोडलेले, फुलं, "अप्रतिम". ते वाचायला गोड लागतं, मलाही लागतं. पण तुम्हाला एक असं माणूस हवं आहे जे विचारेल, "घामोळ्यांचं पुढे काय झालं?" असं एकच पुरे. लॅबमधलीच एखादी मैत्रीण चालेल, ती लिहिणारी नसली तर आणखी चांगलं.

चिकाटीबद्दल विचारलंत, तर माझीच फजिती ऐका. माझी एकुलती एक कादंबरी मी नऊ वर्षं लिहीत होते. पहिली ऐंशी पानं एका महिन्यात झाली, तेव्हा मी स्वतःला फार कोणीतरी समजत होते. पुढची दीडशे व्हायला आठ वर्षं लागली. त्यात दोन वर्षं मी ती वही गव्हाच्या कोठीवर ठेवली होती, मुद्दाम, शिडी लावल्याशिवाय हात पोचू नये म्हणून. मग एका प्रकाशकाला दिली. त्यांनी पावणेदोन वर्षांनी परत केली. पहिल्या अकरा पानांवर चहाचे डाग, बारावं पान नवं कोरं. त्या दिवशी मी रडले नाही, घरी येऊन बारावं पान वाचलं. खरंच वाईट होतं. तिथून पुढचं पुन्हा लिहिलं. पुस्तक दुसऱ्याच कोणी काढलं, फार खपलं नाही, आणि मला त्याची अजिबात खंत नाही असं मी लोकांना सांगत असते.

तुम्ही मला नवी कथा पाठवू नका. कूलरच्या कथेचं पाचवं पान पाठवा. शाई बदललेली चालेल. आणि बादल्यांचं तेवढं मोजून घ्या. टाकी भरायला पान एकवर तीन बादल्या लागतात आणि पान तीनवर पाच.

तुमची,
काकू